ठमीनं स्वतःचाच डबा ओळखला

प्रिय आई,

ठमीबद्दल लिहितेय. ती आजारी आहे, पण आत्ता माझ्या पायावर डोकं ठेवून शेपटी आपटत पडलीय, तेव्हा आधी डोळे पूस. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून पत्र.

तू नेहमी हसतेस, डबे हुंगवायचा पगार मिळतो होय गं! तर ऐक, तो प्रकार असा. ओळीनं सहा डबे, प्रत्येकात एकेका कुत्र्याच्या लाळेचा कापूस. एका डब्यातला कापूस कॅन्सर झालेल्या कुत्र्याचा, बाकीचे धडधाकट कुत्र्यांचे. ठमी हुंगत जाते, आजाऱ्याच्या डब्यापुढे बसते, की लगेच बिस्कीट. कुठल्या डब्यात काय, हे फक्त काचेमागे बसलेल्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक, मलाही सांगत नाहीत. कारण ही महामाया डबा सोडून माझं तोंड वाचते. तुझ्याच हाताखाली वाढलेली ना!

धडधाकट म्हणून आम्ही आमच्याच कुत्र्यांची लाळ वापरतो. गेल्या महिन्यात ठमी एका डब्यापुढे बसली आणि काचेमागून डॉक्टरीणबाई ओरडल्या, चूक! तो डबा ठमीचाच होता. स्वतःचा वास आला म्हणून बसली असेल, असं म्हणून सगळे हसले. बिस्कीट काही मिळालं नाही. बाईसाहेब मात्र उठायलाच तयार नाहीत, ढिम्म.

मला चैन पडेना. ती स्वतःच्या वासाला बसली, की त्या वासात काही नवीन होतं त्याला? फ्रीजरमध्ये तिची मागच्या वर्षीची लाळ ठेवलेली होती. ती आणि ताजी, दोन्ही ओळीत लावायला सांगितलं. ठमी एका डब्यापुढे बसली आणि डॉक्टरीणबाई काचेमागून उठून बाहेर आल्या, तेव्हाच मी समजले. डबा तिच्या ताज्या लाळेचा होता; मागच्या वर्षीच्या स्वतःवरून ती सरळ पुढे गेली होती गं. आणि आता बिस्किटासाठी माझ्याकडे बघत होती, खुशीत. मी दिलं. मग तिथंच फतकल मारून रडले.

तपासणीत पोटात बारीकशी गाठ निघाली. परवा ती काढली. इतक्या लवकर सहसा सापडत नाही म्हणे, पण पुढचं छातीठोकपणे कुणीच सांगत नाही. तिचं काम आता बंद. पिल्लू असताना वर्षभर सांभाळून तू तिला इथं पोचवलंस, तेव्हा बजावलं होतंस, पुन्हा कुत्रं दारात आणू नकोस, मला ही ताटातूट झेपत नाही. सगळं आठवतंय मला. तरी विचारतेय, टाके सुकले की तिला तुझ्याकडे घेऊन येऊ? तिला किती दिवस मिळतील देव जाणे, पण ते तुझ्यावाचून जावेत हे मला बघवणार नाही. नको म्हणालीस तर मी समजून घेईन. फक्त ते तिला तूच समोर येऊन सांग.

तुझीच,
धाकटी