पहिल्याच दिवशी पाहिलेली पिकअप

अण्णा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं अनेकदा वाटलं, पण आपल्या दोघांत बोलणं तसंही कमीच होतं. आज सांगतो. तुमची सून गेली. चार महिने झाले. आतड्याचा आजार होता. ऑपरेशन केलं तेव्हा डॉक्टरांनी पोटावर पिशवी लावली, शौचाची वाट तिथूनच. दिवसातून तीन-चार वेळा ती रिकामी करायची, धुवायची. त्या दिवसापासून तिनं कुणाच्या घरी जाणं सोडलं. एसटी नको, लॉज नको, लग्नकार्य नको. अणदूरला माहेर, तिथंही नको. "भावजय काही म्हणायची न्हाय हो, पण सारखं पाणी मागायला मला लाज वाटती," म्हणाली. 

तरी एका ठिकाणी तिला जायचं होतं, आणि ते तुम्हाला माहीत आहे. आठवतंय? आपलं जुनं स्वयंपाकघर, ती भाकरी थापतेय, तुम्ही चुलीपुढं पाटावर बसलाय. "काय गं, शाळेत नद्या शिकवतीस, आपली मांजरा जाती तरी कुठं?" तिनं परातीतल्या पिठात बोटानं रेघ ओढली. इथून पूर्वेला, लातूरच्या अंगानं, मग बिदरकडं, आणि तिथून पुढं जाऊन एकदम वळून वर, उत्तरेला, गोदावरीला. तुम्ही वाकून बघितलंत. "वर जाती? नदी हाय का शेळी?" ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. "अण्णा, नकाशात वर. डोंगरावर न्हवं." "नकाशात काय, कुणी बी जाईल. तू डोळ्यानं बघितलीस का?" नाही म्हणाली. "मग पोरांना कशाच्या जोरावर सांगतीस?" तिनं पिठातली रेघ पुसली. मग म्हणाली, "आपण जाऊ अण्णा. जिथं मिळती तिथवर जाऊन बघून येऊ." तुम्ही म्हणालात, "जाऊ की." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मांजरेचा धडा आला की ती मुलांना सांगायची, हा संगम मी अजून बघितलेला नाही.

ऑपरेशननंतर हे आलं ते माझ्या मनात. घरच बरोबर न्यायचं. ईट गावात माझा एक मित्र आहे, दारं-खिडक्या, शेड वेल्डिंग करून देतो. त्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी एक खोली केली. लोखंडी पाइपचा सांगाडा, वरून पत्रा, आतून प्लायवूड. एक पलंग, एक शेगडी, कोपऱ्यात कमोड आणि नळ. चार कोपऱ्यांना चार पाय, आटे फिरवले की खालीवर होणारे. पिकअप मागं घेऊन खोलीच्या खाली घालायची, पाय वर उचलायचे, की खोली गाडीवर बसली. परत आलो की पाय टेकवायचे, गाडी पुढं काढायची. मग ती गाडी शेताला मोकळी. मित्र म्हणाला, "लेका, ताजमहाल झाला की रं." तिला दाखवायला आणली तेव्हा तिनं आधी नळ सोडून बघितला. पाणी आलं. तिनं नळ बंद केला, परत सोडला, परत बंद केला.

राहिली ती गाडी घ्यायची. आणि इथं तुमची आठवण आली. मी आयटीआय केलेला माणूस, नोकरीत असताना ट्रान्सफॉर्मर चढवले-उतरवले, पण वजन कसं लादायचं ते तुम्हीच शिकवलं. मी अकरावीत होतो. कडबा भरायला मला एकट्याला सांगितलंत आणि मी सगळा मागं रचला. गाडी उलाळ झाली. जू वर उचललं, बैलांच्या गळ्याला फास बसला. तुम्ही धावत येऊन दांडीवर अंग टाकलंत. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. सगळा कडबा खाली काढायला लावला आणि म्हणालात, "किती हाय ते इचारू नको. कुठं हाय ते बघ." मग निम्मा आखाच्या पुढं, निम्मा मागं, त्यात पुढं किंचित जास्त. जू एका हातानं उचलता आलं पाहिजे, पण आपल्या आपण उठता कामा नये. ती पोटुशी असताना तुम्ही तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचात, तेव्हाही वाकळ अंथरून आखाच्या जरा पुढंच बसवायचात. तिनं मला नंतर सांगितलं, तिथं हादरा सगळ्यांत कमी बसायचा.

पिकअपचंही तसंच आहे. खोली साडेआठ फूट लांब. साखर कारखान्याच्या काट्यावर नेऊन वजन केलं, सात क्विंटल, वर पाण्याची टाकी भरली की आणखी दोन. चार दारांची पिकअप घेतली तर मागच्या सीटवर तिला आडवं होता येतं, पण हौदा, म्हणजे मागची माल ठेवायची जागा, जेमतेम पाच फुटांचा. म्हणजे साडेतीन फूट खोली मागं लोंबणार, पुढची चाकं हलकी होणार. तुमच्या भाषेत उलाळ. दोन दारांची घेतली तर हौदा नऊ फुटांचा, खोली नीट आत बसते, ओझं मागच्या आखाच्या पुढं येतं. पण मग तिनं पुढं ताठ बसायचं.

बार्शीला जुन्या गाड्यांच्या माणसाकडं गेलो. ती हट्टानं बरोबर आली, घरातून निघताना पिशवी बदलून, पदर नीट घेऊन. दोन दारांची पांढरी पिकअप उभी होती. तो म्हणाला, "काका, माल काय टाकणार? टोमॅटो का शेळ्या?" मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "मला टाकणारेत." तो गोंधळला. "काकू, मग कारच घ्या की, एसीवाली." "कारमध्ये घर मावतंय का?" मी गाडीखाली शिरून स्प्रिंगचे पाटे मोजले, हौद्याला टेप लावला, कागदावर पासिंग किती टनाची ते बघितलं. सगळं जुळत होतं. वर आलो तर ती पुढच्या सीटवर बसलेली, हात मांडीवर ठेवून, काचेतून बघत. मी म्हणालो, "तुला आडवं होता येणार नाही यात." "आडवं व्हायचं असतं तर घरी खाट हाय की."

मी त्या माणसाला कळवतो म्हणालो.

कळवलं नाही. पाटे ढिले वाटले असं तिला सांगितलं. मग लातूरला एक बघितली, तिचे टायर नको वाटले. धाराशिवला एक, ती चार दारांची, हौदा आखूड. आणखी एक होती, तिच्या मागच्या आखातून आवाज येत होता. आठ महिने मी गाड्या बघितल्या. वहीत रकाने आखले, लांबी, वजन, पाटे. मित्र वैतागला. "अरं, तू गाडी बघतूस का पोरीला स्थळ?" खोली आमच्या अंगणात चार पायांवर उभी. ती रोज सकाळी आत जाऊन झाडून यायची.

अण्णा, जे कुणाला सांगितलं नाही ते आता लिहितो. खोली तयार झाली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं होतं. आजार परत आलाय, म्हणाले. महिन्यांचा हिशेब आहे, जिथं न्यायचं तिथं लवकर न्या. तिला मी सांगितलं नाही. ती त्या संगमासाठी तग धरून आहे असं मला वाटायचं. पथ्य पाळते, गोळ्या घेते, दोन घास जास्त खाते, सगळं त्यासाठी. मग संगम बघून झाला तर ती कशासाठी थांबेल? म्हणून मला एकही गाडी पसंत पडेना. बार्शीची गाडी चांगली होती. तिचे पाटे ढिले नव्हते. मी स्वतः हात लावून बघितले होते.

शेवटच्या महिन्यात खाटेवरून ती म्हणाली, "अहो, ती पहिली गाडी काय वाईट न्हवती."

मी म्हणालो, "पाटे ढिले होते तिचे."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि भिंतीकडं वळली. तिला कळलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. विचारायला आणखी वीस दिवस होते. मी विचारलं नाही.

आता लोक खोलीचं विचारतात. एकानं शेतात राखणदाराला राहायला मागितली. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. नदी तिथंच आहे, आणि गाडी आता कधीही मिळेल. पण एकट्यानं जाऊन बघायचं असं ते नव्हतं.

तुम्ही असता तर रागावला असता. किती थांबलास ते सोड, कशासाठी थांबलास ते सांग, असं विचारलं असतंत आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. हे पत्र खरं तर तिला लिहायला पाहिजे. दोनदा बसलो. कागदावर तिच्यासाठी एक ओळ आली नाही, कारण ती मला एका शब्दानंही दोष देणार नाही हे मला माहीत आहे. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.