तूर्त

ता. १९, रविवार

ढब्बूस ताईचे आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

मी खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, पण मशीनचं पायडल अजून माझंच ऐकतं. शाळा उघडायला आल्या, म्हणजे दुकानात गणवेशांचा ढीग. मालक म्हणतात, आत जास्तीचं कापड दुमडू नका, परवडत नाही. मी दुमडतेच. पोरं वाढतात, हे त्यांना कोण सांगणार!

तुझी चिमणी कशी आहे? परत चक्कर आली का? सुट्टीआधी शाळेत पडली तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. डॉक्टर औषध ठरवायला थांबलेत ते आपल्या घरच्या आजारांच्या माहितीसाठी, हे मला पक्कं ठाऊक आहे. 'ताई, आईला फिट यायच्या का? तुझी लहानपणची फाईल आली की लगेच कळव,' असा तू फोन करतोस आणि मी म्हणते, 'अजून नाही रे बाबा, सरकारी काम.'

फाईल आलीय, ढब्बू. येऊन बरेच दिवस झाले. कपाटात अस्तराच्या कापडाखाली ठेवलीय. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण पुढचं वाच.

आधी त्या बालकल्याण ऑफिसचं ऐक. इतके हेलपाटे घातले, तेव्हा कुठे खिडकीवरच्या बाईने गठ्ठा सरकवला. उघडते तर काय, अर्ध्या ओळींवर काळी शाई फासलेली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, 'लहानपण माझं, आणि झाकता कुणापासून, माझ्यापासून?' ती म्हणाली, 'मावशी, तुमचं काही झाकलेलं नाही. तिऱ्हाईताची माहिती तेवढी झाकतो.' मी म्हटलं, 'अहो, तुम्ही ज्यांच्याकडे ठेवलंत त्या काकूंनी सांभाळलं ते आम्हा दोघांनाच. मी आणि माझा भाऊ. तो काय तिऱ्हाईत?'

तिने पानं चाळली. 'भावंडांचं झाकत नाही आम्ही,' म्हणाली. मग उठून मला पाणी आणून दिलं. सरकारी ऑफिसात कुणी आपणहून पाणी दिलं की समजावं, काहीतरी वाईट झालंय.

घरी आल्यावर ते पान सापडलं. जसंच्या तसं लिहिते: 'दोन्ही मुले एकाच गाडीतून पोचवली. ती भावंडे आहेत असा सांभाळणाऱ्या बाईंचा समज झाला आहे. मुलगा मुलीला सोडत नाही, रडायचा थांबला आहे. समज तूर्त तसाच ठेवावा.'

तूर्त! अरे, त्या एवढ्याशा शब्दावर आपले केस पिकायला आले. नंतर सांगायचं म्हणून कुणीतरी ठेवलं असेल, मग त्याची बदली झाली असेल. मी तेव्हा केवढीशी! काकूंनी विचारलं असेल, 'हा तुझा धाकटा का गं?' आणि तू माझा फ्रॉक मुठीत धरून बसलेला. मी मान हलवली असणार. दुसरं काय करणार होते?

आता मुद्द्याचं. माझ्या आईला फिट यायच्या. त्यातच ती गेली. तिथे मात्र एक अक्षर झाकलेलं नाही. पण ती माझी आई, ढब्बू. तुझी नव्हे.

तुला 'हो, यायच्या' एवढंच सांगायचं मी ठरवलंही होतं. शब्द खरा, मी चिमणीची आत्या कायम, कुणाला काही कळलं नसतं. पण पोरीला भलतंच औषध सुरू झालं असतं. त्या विचारात त्या दिवशी एक शिवण सरळ गेली नाही.

तुला आईचं काहीच आठवायचं नाही, म्हणून मी माझी अर्धी तुला दिली. तिचे खरखरीत हात, तिची घर हादरवणारी शिंक. चिमणीला तू अजून सांगतोस, 'आजीवर गेलीस, तशीच शिंकतेस.' असू दे. ती आजी मला परत नकोय. फक्त डॉक्टरांना तिच्याबद्दल सांगू नकोस.

तुझ्या आईला काय होतं, ते तुझ्या फाईलमध्ये असेल. किंवा नसेलही, मनाची तयारी ठेव. तू आजवर अर्ज केला नाहीस, 'ताईची तीच माझी' म्हणून. आता कर. डॉक्टरांची चिठ्ठी जोडलीस तर लवकर देतात, त्याच बाईने सांगितलं. आणि फाईल घ्यायला एकटा जाऊ नकोस. काळ्या ओळी एकट्याने बघायच्या नसतात, मी बघितल्यात. बोलवलंस तर मी दुकान सोडून येईन.

खिडकीपाशी फक्त नातेवाइकाला सोबत उभं राहू देतात. ती बाई तुला विचारेल, 'या तुमच्या कोण?' मी तोंड उघडणार नाही. तू काय म्हणशील, त्याचीच मला भीती वाटतेय रे.

चिमणीला एक गोड पापा. कुणाचा, ते तू सांग.

तूर्त तुझीच,
ताई