हौसाची गाठ

१२ नोव्हेंबर १९८४
दापोलीहून एसटीने दुपारी रत्नागिरीत पोचले. अँब्युलन्सवर काम करणाऱ्या मुलींचा कोर्स आहे; आमच्या गावातून निवड झालेली मी एकटीच. खोलीच्या खिडकीतून मांडवीचा समुद्र दिसतो. सोबतीण हौसा दाभोळची, घरची होडी आहे. आल्या आल्या तिने डब्यातले तळलेले बोंबील पुढे केले नि म्हणाली, "खा गो चिमा, लाजतेस कसली?" मला इथे फार आवडणार.

२० नोव्हेंबर
आज मोडलेल्या हाताला झोळी बांधायला शिकलो. एक जण रोगी होऊन कॉटवर पडते, दुसरी बांधते. आमच्या शिक्षिका मलुष्टे सिस्टर प्रत्येक गाठ ओढून बघतात. माझी सुटली. हौसाची त्यांनी सगळ्यांना दाखवली. जाळी विणणारे हात ते, त्यात काय नवल. संध्याकाळी तिच्याकडून हाडांची नावं मात्र मीच पाठ करून घेतली.

४ डिसेंबर
लेखी परीक्षेत हौसा पहिली, मी दुसरी. हाडांवरचे सगळे प्रश्न तिने बरोबर लिहिले, मी शिकवलेले. सिस्टर म्हणाल्या, शेवटी जी पहिली येईल तिला इथल्याच अँब्युलन्सवर नेमणूक. हौसाने आनंदाने माझ्या गळ्यात हात टाकला. तो मला नको होता. जेवण गेलं नाही.

११ डिसेंबर
सड्यावरच्या, वर कातळमाळावरच्या वाडीत सरावाला गेलो होतो. परतताना आम्ही दोघी मागे राहिलो. सुक्या गवतात हौसाच्या पायाला फुरसं चावलं. मी तिला खाली बसवलं, पाय हलू नये म्हणून फळी बांधली. तेवढ्यातही तिला माझी गाठ सैल वाटली. तिने ती सोडून स्वतः बांधली. मग म्हणाली, "जा, धावत जा." गाडी खाली रस्त्यावर उभी होती.
मी धावले नाही. चालत गेले.

१४ डिसेंबर
हौसा गेली. रक्त शेवटपर्यंत थांबलं नाही. तिचे वडील, मोरूकाका, आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, पोरी, तू होतीस म्हणून ती एकटी नव्हती. सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, चिमाने फळी उत्तम बांधली होती.
उत्तम. पहिल्यांदाच मला म्हणाल्या. आणि ती गाठ हौसाची होती.

७ जानेवारी १९८५
आता मी पहिली. आता सराव इस्पितळात असतो. तिथे वॉर्डात गंगुबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिच्या मनगटाला पट्टी बांधली. पाणी घेऊन परत आले तर पट्टी नव्याने बांधलेली, घट्ट, सुबक. म्हातारी म्हणाली, तुझ्या मागून आलेली पोर बांधून गेली, तिचा हात तुझ्याहून चांगला.
वॉर्डात दुसरी मुलगी नव्हती. भीती नंतर वाटली. आधी राग आला.

१५ जानेवारी
मी बांधते, मागून कोणीतरी सोडून पुन्हा बांधतं. रोज. सिस्टर माझी पाठ थोपटतात. मेली तरी तीच पहिली —

१९ जानेवारी
आज मुद्दाम सैल बांधली आणि तिथेच उभी राहिले. पट्टी आपोआप सुटली. माझ्या डोळ्यांसमोर — घड्या पडत गेल्या — रोगी माझ्या खांद्यामागे बघून हसला. मी वळले नाही —

२२ जानेवारी
ताप. मुली शेवटच्या परीक्षेला गेल्यात. भर दुपार, दार आतून लावलेलं.
हौसा माझ्या कॉटवर बसली आहे. रागावलेली नाही. मन लावून काम करते आहे, वर्गात करायची तशी. दोन्ही पाय बांधून झाले. डावा हात छातीशी — गाठ ओढून पाहिली, हलत नाही. अशी मला कधीच जमली नसती. अजून हेवाच वाटतो, देवा —
हाक मारली. खाली कोणी नाही.
आता तोंडावरून पट्टी — बोटं गार —
उजवा हात मागते आहे. लिहिते आहे तोवर थांब म्हटलं. थांबत नाही. पेन्सिल बाजू