रबराचा धूर

५ मे २००३, नोएडा
पुन्हा तो काळा रबर! लेझरसाठीचं करडं शीट वेगळं मिळतं, तेच आणायचं — कितीदा सांगू? पद्माकर दिल्लीच्या सदर बाजारातून तीच स्वस्तातली गुंडाळी घेऊन आला. "उल्का, शिक्केच तर कोरायचेत. रबर म्हणजे रबर." नवऱ्यापुढे माझी केमिस्ट्रीची पदवी फुकट!

६ मे
घसा दिवसभर खवखवतोय. मशीनमधून आंबट, झोंबणारा धूर. एक्झॉस्टचा पाइप खिडकीच्या अलीकडेच संपतो, धूर खोलीतच! बंद कर म्हटलं. तर म्हणे, "वास कुठे येतोय? तुला वहम झालाय."

७ मे
तांब्याची तार गॅसवर लाल केली, काळ्या रबराला टेकवली, परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार! म्हणजे रबरात क्लोरीन आहे. लेझरने जळला की त्याचं आम्ल होऊन हवेत.
दुकानदाराला फोन केला. "मॅडम, पूरी दिल्ली यही काटती है!" मग पूरी दिल्ली खोकत असेल!
पद्माकरला तार दाखवली. मान वर केली नाही. "शुक्रवारी चारशे शिक्के द्यायचेत."

९ मे
भांडण. मी प्लगच काढला. लेन्सवर धुरकट थर, पट्ट्यांना गंज — वर्षही झालं नाही मशीनला! "लोखंड खातोय हा धूर. आपल्या छातीचं काय?" त्याने फडक्याने लेन्स पुसली. मग प्लग परत लावला. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. संताप, संताप.

११ मे

आंघोळ करून आले तर घरभर गॅसचा वास. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण चालूच. आणि पद्माकर ओट्याशी उभा, चहा ठेवायला — काडेपेटीतून काडी काढत! मी किंचाळले. तो दचकला. "काय झालं?"
खरंच विचारत होता.
गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. मग हिंगाची डबी त्याच्या नाकाशी धरली. नाक जराही मुरडलं नाही.

१३ मे
डॉक्टरांनी विचारलं, वास कधीपासून येत नाही? माझी नजर टाळून म्हणाला, "दिवाळीपासून."
सहा महिने. आणि रोज ताटावर बसताना म्हणायचा — वा, काय वास सुटलाय!