भिवाच्या बंदुकीचं पॉलिश

कळवा, १८ ऑगस्ट २०२५

ती. पंढरीकाकांस,
प्रफुल्लचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच पत्र लिहितोय. अक्षराला हसू नका. आई बरी आहे, गुडघे सोडले तर.

बाबा जाऊन सहा महिने झाले. त्यांच्या बंदुकीचा परवाना आता माझ्या नावावर झाला. आजोबांना भातातली डुकरं हाकायला मिळालेली ती एकनळी. आता त्या शेतात टॉवर उभे आहेत, पण दसऱ्याला पाटावर तीच लागते. इलेक्शनला पोलिसांकडे जमा केलेली, ती परवा आणायला गेलेलो. दहा महिने कुठल्याशा ओल्या खोलीत पडून होती. नळी पूर्ण लाल, हात लावला की बोटं तांबडी. आई बघून रडलीच.

तुम्ही बंदुकांच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं हेच काम केलंत. गंज कसा काढायचा आणि पहिल्यासारखी कशी करायची ते कळवा. दसरा दोन ऑक्टोबरला आहे आणि त्याआधी परवान्यावर नोंदीसाठी ती पोलिसांना दाखवायचीय.

मागचं मनात न ठेवता आमच्यावर माया असू द्या.

आपला,
प्रफुल्ल


शहाड, २३ ऑगस्ट

चि. प्रफुल्ल यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर तुझ्या बापासारखंच, ओळ सोडून वर चढणारं. एकोणीस वर्षांनी तुमच्या घरून मला कागद आला, तोही बंदुकीला गंज चढला म्हणून. मला चढला असता तर कुणी लिहिलं नसतं.

तू तेव्हा लहान होतास, म्हणून सांगतो. गावातल्या गोविंदाच्या हळदीत तुझ्या बापाने, भिवाने, हौसेने बार काढला. छर्रे मांडवाच्या पत्र्यावर आपटून आचाऱ्याच्या खांद्यात घुसले. पोलीस आले तेव्हा सगळा गाव म्हणाला, फटाका होता. मी म्हणालो, बंदूक होती. परवाना दोन वर्षं अडकला आणि भिवाने सख्ख्या भावाला उंबरा बंद केला. त्याच्या अंत्ययात्रेतही मी मागे, परक्यांत चाललो.

आता कामाचं. पॉलिश पेपर लावू नकोस. बफिंगच्या चाकाजवळ तर नेऊच नकोस. दोन दिवस तेलात मुरू दे, मग अगदी बारीक तारेच्या काथ्याने हलक्या हाताने पूस. नळीवर कोरलेल्या नंबराच्या भोवती फक्त बोट आणि फडकं. नळीवरचा काळा हा रंग नसतो. मुद्दाम बारीक गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, ब्रशने झाडायचा, तेल द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असं सात दिवस.

हे पत्रातून शिकवण्यासारखं नाही. मीच येतो. परवाना तुझा आहे, तू समोर बस, हात माझे. ओटीवर राहीन, असेल ते जेवीन. भिवाच्या मागे घरात वडील माणूस मीच. यंदा दसऱ्याला बंदुकीला हळदकुंकू माझ्या हाताने लागावं एवढी एकच इच्छा आहे. मागायला लाज वाटते, पण एकाहत्तराव्या वर्षी लाजून काय करू? गणपती झाले की बोलाव.

वहिनींस नमस्कार सांग. वाट पाहतो.

तुझा,
पंढरीकाका


शहाड, १२ सप्टेंबर

चि. प्रफुल्ल यास आशीर्वाद.

गणपती गेले. ब्रश, काथ्या, जवसाचं तेल, सगळं पिशवीत भरून दाराशी ठेवलं आहे. आमची सूनबाई त्या पिशवीला दोनदा अडखळली. तुझं उत्तर नाही. पोस्टात हरवलं असेल म्हणून पुन्हा लिहितो. निरोप आला की त्याच दिवशी निघेन.

पंढरीकाका


कळवा, १९ सप्टेंबर

ती. काकांस सा. न. वि. वि.

पत्र पोस्टाने न टाकता माझ्या बायकोच्या, करिश्माच्या हाती पाठवतोय. तुमच्या या सुनेवर रागावू नका, तिचा काही दोष नाही. दोष माझा आहे.

तुमची दोन्ही पत्रं मिळालेली. पण काका, आठ दिवस घरात सामान पसरून बसायला कुणाला वेळ आहे? डोंबिवलीत बंटीचं दुकान आहे, बुलेटचे सायलेन्सर चमकवतो. मी स्वतः घेऊन गेलेलो, समोर बसलेलो. तासाभरात गंज साफ, वर निकेलचा मुलामा. आरशासारखी झाली. दसऱ्याच्या फोटोत भारी दिसेल असं वाटलं.

पोलिसांकडे नोंदीला नेली तर साहेब म्हणाले, नंबर कुठंय? चाकाखाली नंबर गेला, काका. नंबर घासणं हा मोठा गुन्हा आहे म्हणे. मी घाबरलो आणि सांगून बसलो की काकांनी घरी साफ केली, म्हातारे आहेत, चुकून झालं असेल. बंटी म्हणाला, वय बघून तुम्हाला कुणी काही करणार नाही.

मंगळवारी अकराला तुम्हाला बोलावलंय. रिक्षा दारात येईल. फक्त हो म्हणा. नंतर आपल्याच घरी जेवायला यायचं, आई ताट वाढून ठेवेल. आणि दसऱ्याची पूजा तुमच्याच हातची, हा माझा शब्द.

पोटात घाला, काका. तुमच्याशिवाय कुणी नाही.

प्रफुल्ल


शहाड, २४ सप्टेंबर

चि. प्रफुल्ल यास आशीर्वाद.

काल मी खरं सांगायला आलो नव्हतो. एकदा खरं बोलून भाऊ गमावला, आता खोटं बोलून पुतण्या राखावा, असं रिक्षात बसतानाच ठरवलं होतं.

साहेबांनी तुला बाहेर बसवलं आणि बंदूक माझ्यापुढे ठेवली. एकोणीस वर्षांनी ती हातात घेतली. नळीच्या कडा गोल झालेल्या. नंबराच्या जागी अंगठ्याएवढा खळगा. वर तुझं निकेल, लग्नातल्या ताटासारखं. तुझ्या आजाने आणि बापाने तेल देऊन साठ वर्षं राखलेला काळा कुठेच उरला नव्हता.

मला ऐकू येत नाही म्हणून साहेबांनी कागदावर लिहून विचारलं, हे काम तुमचं का? ‘होय’ लिहायला पेन टेकवलं, पण ते पुढे चालेना. गुन्हा मी कबूल केला असता रे. कोठडीचीही भीती वाटली नाही. पण असलं काम माझं आहे, असं माझ्याच हाताने लिहवेना. शेवटी ‘नाही’ लिहिलं आणि सही केली.

आता बंदूक सरकारजमा होईल, परवाना जाईल, तुझ्यावर केस होईल. पंढरीने दुसऱ्यांदा घर बुडवलं, असं गाव म्हणेल. तुझा राग मला समजतो. माझा तुला समजायचा नाही, कारण नंबर गेला एवढीच चूक झाली असं तुला अजून वाटतं.

वहिनी ताट वाढून बसल्या असतील. मी परस्पर कल्याणची गाडी धरली. त्यांची माफी माझ्या वतीने तू माग. भिवाच्या घरचा घास त्या कागदावर सही करून माझ्या घशाखाली उतरला नसता, आणि ‘होय’ लिहून तर मुळीच नाही.

वकील चांगला बघ. तब्येतीला जप, आईला जप. दसऱ्याला पाट रिकामा ठेवू नका, कोयता ठेवा, त्याला परवाना लागत नाही. पूजा तू कर. मला बोलावू नकोस. बोलावलंस तर मी येईन, म्हणून बोलावू नकोस.

तुझा काका,
पंढरी