मेंढ्यांचा आकडा

मी, असानकुल जुमाबाय उलू, वय एकोणपन्नास, नारीन खोऱ्यातला मेंढपाळ, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता हे लिहून ठेवतो. आधी नोरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, सकाळी मी काय केले ते लिहितो. त्याशिवाय पुढची वाटणी कळायची नाही.

त्या सकाळी माझी पत्नी सायराकान नातीला, पाच वर्षांच्या बेरमेतला, म्हणाली, "माणसं किती बघ, तेवढ्या चहाच्या वाट्या आण गं." बटणे लावताना, चमचे पुसताना तिने पोरीला असेच आकडे शिकवले. बेरमेत बोट रोखून मोजू लागली. मोजणीत माझे थोरले भाऊ कादिरकुल पाचवे आले, तोच मी पाहुण्यांदेखत तिच्या हातावर फटका मारला.

"जिवंत माणसं मोजतात का? नजर लागते!"

"मारतोस कशाला रे?" भाऊ हसले. "पाचवा तर पाचवा. चहा मिळाल्याशी मतलब!"

पुढच्या महिन्यातच भाऊ हृदयविकाराने गेले. बेरमेतने विचारले, "आजोबा, मी मोजलं म्हणून?" पाच वेळा नमाज पढणारा मी, 'नाही' एवढे म्हणालो नाही. तेव्हापासून ती बटणेही मोजत नाही. तिच्याकडे बघताना माझी मान खाली जाते.

कलम एक: घर आणि शिवणयंत्र सायराकानचे.

कलम दोन: मेंढ्या बेरमेतच्या. आमच्यात जनावरेही मोजून सांगत नाहीत, म्हणून आकड्याची जागा कोरी ठेवली होती.

कलम तीन: लोकर कातरायची कात्री माझ्या मुलाला. शेजारी तुर्दुबेकने नेलेले खोगीर तुर्दुबेककडेच राहो. मात्र ते उसने नेले होते, हे त्याने विसरू नये.

काल शुक्रवारी सायराकानने, आमच्यात मेलेल्यांसाठी करतात तशा, भाऊंच्या नावाने सात रोट्या तळल्या. मोजल्या जातील या भीतीने बेरमेतने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी तिला अंगणात नेले आणि तिचे बोट माझ्या छातीला लावले.

"मोज. माझ्यापासून."

"नको. तुम्ही मराल."

"मरेन की, अल्लाने बोलावलं म्हणजे. तुझ्या मोजण्याने नाही. थोरले आजोबाही तसे गेले नाहीत. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, बाळा."

बोट न काढता ती पुटपुटली, "एक."

मग आम्ही मेंढ्यांच्या कुंपणाशी गेलो. ती दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून लागली.

कलम दोनमधली कोरी जागा मी आज भरली आहे: मेंढ्या एकतीस. मोजणी बेरमेतची.

सही: असानकुल जुमाबाय उलू
साक्षीदार: इमाम ओरोझाली, परिचारिका झामिला
नारीन, २ नोव्हेंबर २०२४