प्रवाहाकडं तोंड करून

देवणी,
पोळ्याच्या आधी

सौ. तनुजाअक्का हिस,

भार्गवीनं उदगीरला भर वर्गात पडद्यावर नॉर्वेचा मासा दाखवला, त्या मिनिटाला माझं आयुष्य वळलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागं फोनवर मी नुसतं ‘भार्गवी’ म्हणालो तर ‘दूध उतू चाललंय’ म्हणून तू फोन ठेवलास. पत्राला तसं करता येत नाही. (ठेवलंस तरी ते उघडंच राहतं.) आता रीतसर नमस्कार घे. इकडं आई, आबा, बैल, सगळे खुशाल. दाजींची तब्येत कशीय? पोटाचं विचारत नाही, ते लांबूनच दिसतं. अजून रोज पहाटे गोदावरीत पोहतात ना? असंच विचारलं, काही विशेष न्हाई.

भार्गवी म्हणजे आमच्या माशांच्या कॉलेजातली, वरच्या वर्षाची; त्या दिवशी तिचा सेमिनार होता. तर त्या माशाला सॅमन म्हणतात. तिकडं समुद्रात जाळ्यांचे मोठाले गोल पिंजरे टाकून त्याला पाळतात, आपण कोंबड्या पाळाव्यात तसं. आता काठाशी जागा पुरेना, म्हणून पिंजरे आत, जोराच्या पाण्यात न्यायला लागलेत. पिंजऱ्यात वाढलेल्या माशाला तो जोर सोसतो का, एवढाच तिचा विषय. ती म्हणाली, पाणी संथ असलं की मासे गोल गोल फिरत राहतात. जोर वाढला की फिरणं सोडतात आणि सगळेच्या सगळे प्रवाहाकडं तोंड करून, पोहत पोहत, जागच्या जागी उभे राहतात. आणखी वाढला की दमलेले मागं सरकतात, जाळीला चिकटतात, अंगावरचे खवले खरवडून निघतात. हे सांगताना तिचा आवाज इतका हळू झाला की वर्गातला पंखा ऐकू यायला लागला. अक्का, मी उदगीरात नव्हतोच. भिंती निळ्या झाल्या होत्या, उन्हाचे कवडसे खालून वर चालले होते, तिच्या वेणीचं टोक कुठल्या तरी पाण्यात डुलत होतं आणि मी त्याच्याकडं तोंड करून जागच्या जागी उभा होतो. (खरंच उभा होतो. मागच्यानं शर्ट धरून खाली बसवलं.)

तेवढ्यात आलोकनं हात वर केला. आलोक लातूरच्या क्लासमधून आलेला. तिथं राहून त्याला जगात एकच प्रश्न विचारता येतो. ‘मॅडम, हे किती मार्काला आहे?’ सगळा वर्ग हसला. वर म्हणतो, ‘आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतंय, आणि ह्यांना माशाच्या व्यायामाची काळजी!’ आता मीही त्याच क्लासचा. शेवटच्या बॅचच्या शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ चिकटवून दोन वर्षं काढलीत, त्यामुळं जाळीला चिकटलेल्या माशाचं दुःख मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि माझं डोकं तुला ठाऊक आहे. भूकंपाच्या पहाटे जन्मलेला मी. आई म्हणते, ‘जमीन थांबली, पण ह्यो काही थांबला न्हाई.’ कोपऱ्यात प्रॅक्टिकलसाठी माशांच्या खाद्याची गोणी होती, ती मी आलोकच्या डोक्यावर रिकामी केली. (अर्धीच भरलेली होती. हे कुणी ध्यानात घेत नाही.) सर म्हणाले, माफी माग. मी म्हणालो, आधी त्यानं सॅमनची मागावी. मग मीच बाहेर पडलो आणि दार असं आदळलं की काच खाली आली. कॉलेज सुटलं ते असं. आबा गावात ‘पोराला सुट्टी लागलीय’ म्हणून सांगतात. ही सुट्टी दिवाळीपासून चालू आहे.

घरी येऊन मी बैलांच्या गोल हौदात रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. आता ती चांगली हातभर झालीत. मोटारीचा पाइप भिंतीला तिरका बांधला की पाणी गोल पळतं; मागच्या बाजूला मी जाळी आडवी लावलीय. दुपारी लाईट आली की कॉक थोडा थोडा उघडायचा आणि काठावर हनुवटी टेकून बघत बसायचं. अक्का, तू एकदा यायला पाहिजे. आधी नुसता गोंधळ, जत्रेतल्यासारखे सगळे फिरत असतात. मग एक जण थांबतो. मग दुसरा. मग सगळे एका दिशेला तोंड करतात, शेपट्या तेवढ्या हलतात, वरून लिंबाची पानं वाहत जातात, आणि ते कुठंच जात नाहीत. बघता बघता मलाच वाटायला लागतं की पाणी थांबलंय आणि हौद, मी, शेत, सगळी देवणी हळूहळू मागं सरकत चाललीय. पहिला मासा जाळीला टेकला की मी कॉक बंद करतो. तिथं त्यांची हद्द. एकदा तंद्रीत बंद करायला उशीर झाला, तर एकाचे खवले गेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बाकी कुणाला ह्याचं कौतुक नाही. मोठा बैल पाणी प्यायला आला आणि त्याच्या नाकाला रोहू घासला. तेव्हापासून तो हौदाकडं बघून नुसता उसासा टाकतो आणि ओढ्यावर जातो. गडी मलप्पा म्हणतो, ‘बैलाला पेंड, माशाला मोटार. आमाला काय हाय का न्हाई, धनी?’ आणि आबा म्हणतात, ‘लई शिकलास. आता माशांचाच क्लास काढ, लातुरात जागा बघतो.’

पण हौदाचं सगळं मी भार्गवीला फोनवर सांगत आलो, तिनं टिंगल केली नाही. ती पास होऊन तुमच्या नांदेडलाच धरणाच्या पाण्यातल्या पिंजऱ्यांवर कामाला लागलीय. परवा तिचा फोन आला. पावसात दरवाजे उघडले की तिथं पाण्याला जोर येतो आणि मासे जाळीवर जातात. पिंजरे आडोशाला कधी ओढायचे, ते माशांकडं बघून सांगणारा माणूस पाहिजे, तू येशील का, म्हणाली. मी हो म्हणालो. मग तिनं आणखी एक विचारलं, त्यालाही मी त्याच दमात हो म्हणालो. पोळा झाला की येतोय. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी उपयोगाचा वाटलोय अक्का, आणि ती नेमकी तीच निघाली.

आशीर्वाद असू दे.

तुझा धाकटा,
सुदर्शन

ता. क. तिनं आणखी विचारलं ते हे : ‘पोहता येतं ना? त्याशिवाय पिंजऱ्यावर घेत नाहीत.’ मी म्हणालो, ‘देवणीच्या विहिरींना विचार.’ विहिरींनी मला बघितलेलंसुद्धा नाही, तुला माहीतच आहे. जोशीबुवांनी पत्रिकेत पाण्याचा घात काढला आणि गावची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारायची तेव्हा मी ओसरीवर आईच्या पदराला. (त्याच आईनं मला मासे शिकायला पाठवलं, कारण यादीत तेवढंच नाव लागलं.) तर दाजींना गळ घाल. पहाटे, भार्गवी पाण्यावर यायच्या आत, मला घाटावर तेवढं शिकवावं. डबा मी घेऊन येतो.

ता. क. दुसरा. आईला कळवू नकोस. काल दुपारी मी स्वतः हौदात उतरलो होतो. मासे प्रवाहाकडं तोंड करून उभे राहिले आणि मी सरळ जाळीला जाऊन चिकटलो. कॉक बंद करायला काठावर कुणी नव्हतं. बैल तेवढा होता, आणि तो पहिल्यांदाच खुशीत दिसला.

ता. क. तिसरा. लाईट आली. मोटारीचा आवाज येतोय, म्हणजे आता मासे सगळे वळले असतील. आज मलप्पाला कॉकपाशी बसवलंय. आबा ओसरीवर झोपलेत, म्हणून ह्या वेळी दार आदळत नाही. निघालो हौदाकडं. हळूच ओढून घेतो.